तिकीट बारावीपर्यंतचं

मास्तरांनी कधी कुणाला शिकवलं नाही. एसटीत कंडक्टरला मास्तर म्हणतात, आणि आमचे मुरबाडचे घरमालक निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी अख्खी आळी त्यांना मास्तरच म्हणायची.

माझी बदली मुरबाडला झाली तेव्हा नवरा आणि मुलगी नाशिकलाच राहणार होते. खोली शोधायला निघाले तेव्हा माझ्या पर्समध्ये फाईल होती. आधार कार्डाची प्रत, कार्यालयाचं पत्र, आधीच्या घरमालकांचा दाखला, दोन फोटो. सगळं क्रमाने लावलेलं. मास्तरांनी फाईल हातातसुद्धा घेतली नाही.

"ते ठेवा आत. घरात सोळा-सतराचं कोण हाय का?"

"मुलगी आहे. पंधरा पूर्ण, सोळावं लागलंय."

"चालंल. लावा फोन. आवाज मोठा करा."

मला वाटलं, मुलगी इथे राहायला येणार का ते विचारायचं असेल. फोन लावला. मास्तर फोनकडे वाकून म्हणाले, "बाळा, मी मुरबाडवरून बोलतोय. तुझ्या आईला खोली पायजे. बाई कशी काय हाय?"

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग माझी लेक म्हणाली, "ठीक आहे तशी. सकाळी लवकर उठते आणि सगळ्यांना उठवते. डब्यांवर नावं चिकटवते. चिडली की बोलत नाही, यादी करते."

"उशिरा घरी येणं वगैरे?"

"उशीर होणार असेल तर आधी कळवते. आम्हाला जे सांगते ते स्वतःही करते, तेवढं मात्र आहे."

"बस बस," मास्तर म्हणाले. "खोली तुमची, मॅडम. सामान आणा."

मी दाखला पुन्हा पुढे केला. ते म्हणाले, "मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला दिलेला दाखला. त्याला काय अर्थ?"

मास्तरांचा सिद्धांत सरळ होता. माणूस साधारण विशीपर्यंत भरवशाचा असतो. मग हळूहळू बिघडतो, आणि चाळिशी ते पासष्टी हे फार धोक्याचं वय. हे ज्ञान त्यांनी माळशेज घाटाच्या रस्त्यावर तिकिटं फाडताना मिळवलं होतं. "आठ वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन 'चार संपून पाचवं लागलंय' बोलणारी कोण? आई. आणि 'मी तिसरीत आहे' असं बोलून तिला तोंडघशी पाडणारं कोण? पोरगं. साठीला न पोचलेला माणूस अर्ध्या तिकिटासाठी पासष्टचा होतो, मॅडम. पोरं काय करतात? मागच्या बाकावर गाणी बोलतात. गाण्याला तिकीट लागतं काय?"

या सिद्धांतानुसार घर चालायचं. त्यांच्या खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि तिथून जिन्याने वर एसटीत असते तशी दोरी बांधलेली होती, तिच्या टोकाला पितळी घंटा. डबल बेल म्हणजे जेवायला चला. सिंगल बेल म्हणजे जे चाललंय ते थांबवा. सिंगल बेल बहुतेक वेळा माझ्यासाठी असायची.

कारण घरातले नियम फक्त मोठ्यांना होते आणि मोठी भाडेकरू मी एकटीच होते. मी आठच्या आत घरात पाहिजे. जेवताना माझा फोन मास्तरांच्या खुर्चीखाली. समोर बसलेली अकरावीतली भाडेकरू प्रणाली मात्र कानात वायर घालून, एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने भात कालवत असायची. मी तिच्याकडे बोट दाखवलं, तर म्हणाले, "ती मैत्रिणीशी बोलते. तुमी बातम्या बघता, मग उगाच डोकं तापतं. या वयात सोसत नाय."

एकदा कार्यालयातले दोन सहकारी चहाला आले. ते गेल्यावर मास्तरांनी मला समोर बसवलं. "ते दोघं कोण? काय करतात? संध्याकाळचे कुठं असतात?" मी म्हटलं, ते माझ्याच विभागातले आहेत, चांगले आहेत. ते मान हलवत म्हणाले, "सगळी असंच बोलतात. संगतीला जपा, मॅडम. वय वाईट."

मला फार राग यायचा. सेहेचाळीस वर्षांची बाई मी. वीजबिल मुदतीआधी भरणारी, रेल्वेची तिकिटं छापून नेणारी. माझ्यावर संशय, आणि तोसुद्धा निव्वळ वयावरून? माझं एक तरी गैरवर्तन दाखवा, मग बोला. असं मनातल्या मनात बोलत मी जिना चढायचे, खाली सागरच्या मोटरसायकलचा फटफटाट ऐकू यायचा, आणि मी वहीत टिपून ठेवायचे, "सागर. केस. संगत?"

सागर सतरा वर्षांचा, वैशाखरे गावचा, आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकत होता. डोक्यावर पुढे सोनेरी झुलूप होतं. गाडीचा सायलेन्सर मूळचाच तसा आहे असं तो सांगायचा आणि मास्तर विश्वास ठेवायचे. तो मूळचा तसा नव्हता हे आळीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. मास्तरांच्या सिद्धांताला अशी भोकं पुष्कळ होती, पण ते त्यांच्यावरून खुशाल चालत जायचे. सागर मास्तरांच्या मागच्या खोलीत राहायचा आणि प्रणाली वर, माझ्या शेजारच्या खोलीत. ती डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरची. पाचवीपासून आश्रमशाळेत राहिलेली, आता मुरबाडला विज्ञान शाखेत. वसतिगृहात तिला जागा मिळाली नव्हती. मास्तरांची खोली होती म्हणून कॉलेज होतं. खोली गेली तर घरी जायचं, आणि घरी तिच्या मामाने एक स्थळ आणून ठेवलं होतं. हे तिने मला सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडून फोनवर बोलताना ऐकू आलं होतं. मी ऐकत होते असं नाही. भिंती पातळ होत्या.

मास्तरांचा मुलगा कल्याणला राहायचा. माझ्याच वयाचा, नीटनेटका, वेळ पाळणारा. आमचं पहिल्या भेटीतच जमलं. हीच धोक्याची खूण होती हे आता कळतं.

भातकापणी झाली आणि मास्तरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. घरामागे त्यांचं एवढंसं शेत होतं. त्या भातावर त्यांचा फार जीव. कापून पेंढ्या शेतातच वाळत टाकल्या आणि म्हणाले, "चार दिवसांनी येतो, मग झोडू." मुलगा गाडी घेऊन आला. मास्तर चप्पल शोधत असताना त्याने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, स्पष्ट बोलतो. अण्णांना हे झेपत नाय आता. पोरगा आणि पोरगी एका घरात, उद्या काय झालं तर नाव आमचं जातं. मला फॅमिली भाडेकरू पायजे. अण्णा ऐकत नायत. तुमी जरा लक्ष ठेवा. काही वेडंवाकडं दिसलं की कळवा, म्हणजे मला बोलायला तोंड राहील."

मी म्हटलं, "नक्की." आणि नवीन पान काढलं.

त्याच वेळी अंगणात मास्तर दोन्ही मुलांशी काहीतरी कुजबुजत होते. घराची किल्ली त्यांनी प्रणालीच्या हातात दिली. माझ्या नाही.

डॉक्टरांनी मास्तरांना ठेवून घेतलं, डोळ्यातून पाणी येत होतं. चाराचे सहा दिवस झाले. रविवारी दुपारी आभाळ भरून आलं. त्या दिवसांत पाऊस येऊ नये, पण येतो. पहिले थेंब पडले तेव्हा मी गॅलरीत कपड्यांच्या घड्या घालत होते, आणि तेव्हा मला जे दिसलं ते मी ताबडतोब फोनवर कळवलं. सागर आणि त्याचे दोन मित्र, तिघंही तसलेच केस, मोटरसायकलवर कुठलीशी भलीमोठी निळी ताडपत्री आडवी टाकून आळीत शिरत होते. मागून प्रणाली ओरडत धावत होती. "कुणाची तरी ताडपत्री उचलून आणली आहे," मी मास्तरांच्या मुलाला लिहिलं.

मग खाली गेले, जाब विचारायला.

"मांडववाल्याची हाय," सागर म्हणाला. "मागून आणली. मास्तरांचं भात भिजतंय ना, ताई!"

मला स्वतःची लाज वाटायला हवी होती, पण त्याला वेळ नव्हता. काम समोर आलं की मी सगळं विसरते. मी पदर खोचला आणि सूत्रं हातात घेतली. शेतातून पेंढ्या उचलून अंगणात आणायच्या. मित्रांनी वाहायच्या, प्रणालीने हातात द्यायच्या, सागरने रचायच्या. चिखलात सगळ्यांचे पाय रुतत होते. शेजारीपाजारी स्वतःच्या भातामागे धावत होते, कुणाला कुणाकडे बघायला फुरसत नव्हती. अर्धं भात तोवर भिजलंच होतं.

"असंच रचायचं ना?" सागरने ढिगावरून विचारलं.

मी म्हटलं, "तुम्ही शेतकऱ्यांची मुलं. तुम्हाला हे रक्तातच असणार."

सागरने प्रणालीकडे बघितलं. प्रणालीने सागरकडे. मग ती म्हणाली, "मास्तरांना फोन करू का?"

"अजिबात नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला ताण द्यायचा नाही. भाताचं एक अक्षर त्यांना कळवायचं नाही. नीट झाकून घ्या, चारी बाजूंनी दोरी आवळा, वर दगड ठेवा. वारासुद्धा आत जाता कामा नये."

वारासुद्धा आत जाता कामा नये. हे माझं वाक्य आहे. त्या दिवशी मला ते फार आवडलं होतं.

काम संपल्यावर पाच जणांनी ओट्यावर बसून चहा घेतला. मुलांची सोनेरी झुलपं चिखलाने काळी झाली होती आणि मला सगळी एकाएकी फार गुणी वाटू लागली. मी मास्तरांच्या मुलाला लांबलचक संदेश लिहिला. आधीचा गैरसमज होता, ही मुलं हिरे आहेत, अशा मुलांना घरातून काढणं पाप ठरेल. दुपारी चोर होती, संध्याकाळी देवदूत. मधे कुठेतरी ती नुसती मुलं असतील, हे माझ्या कुठल्याच पानावर बसलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रणालीने ताडपत्रीखाली हात घातला. "ताई, आत गरम लागतंय."

"उबदार आहे म्हणजे वाळतंय," मी म्हटलं.

चौथ्या दिवशी सागर म्हणाला, "ताई, धूर निघतोय."

"धूर नाही, वाफ. ओलावा बाहेर पडतोय. छान."

दोघांनी माना डोलावल्या.

शनिवारी मास्तर आले. डोळ्यांवर काळा चष्मा, एक हात मुलाच्या खांद्यावर. अंगणात पाय ठेवला आणि थांबले. नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

सागरने दोऱ्या सोडल्या. ताडपत्री बाजूला झाली. आतून आंबूस वाफ आली आणि मागोमाग अतिशय सुंदर पोपटी रंग दिसला. मास्तरांच्या भाताला मोड आले होते. बोटभर, टवटवीत, सगळीकडे. ओलं भात हवाबंद झाकून ठेवलं की काय होतं, हे मटकी भिजवणाऱ्या कुठल्याही बाईला सुचायला हवं. मी गेली वीस वर्षं मटकीला मोड आणते आहे.

मास्तरांचा मुलगा आधी मोडांकडे बघत राहिला, मग सागरच्या केसांकडे. "काय बोलत होतो मी, अण्णा? पोरांवर घर टाकलं की हे असं. वर्षाचं भात! ह्यांना काय त्याचं? एकाचं लक्ष गाडीत, दुसरीचं मोबाईलमध्ये. बास झालं. या महिन्यात दोघांनी खोल्या खाली करायच्या."

 प्रणालीने कानातली वायर काढून मुठीत गच्च धरली.

मी पुढे झाले. "एक मिनिट. भात झाकायला मी सांगितलं."

"मॅडम, तुमी पोरांना पाठीशी घालताय."

"अहो, खरंच मीच सांगितलं. दोरी आवळायलासुद्धा."

"काय तरी काय! तुमी शेतीच्या हापिसात हाव. तुमाला एवढं नाय कळणार?"

हे इथे सांगायला हवं. मी कृषी कार्यालयात होते, पण लेखा विभागात. भाताबद्दल मार्गदर्शन करायला जे गावोगाव फिरतात, त्यांची प्रवासबिलं मी तपासते. भाताशी माझा संबंध कुकरपर्यंतच. मी हे सगळं त्याला समजावून सांगितलं. त्याने एका शब्दावरही विश्वास ठेवला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी गुन्हा कबूल करत होते आणि कुणी मला गुन्हेगार मानायला तयार नव्हतं. माझ्या केसांना रंग नव्हता, एवढाच काय तो माझा बचाव, आणि तो पुरून उरत होता.

"आमाला पण वाटलं मॅडमना माहीत असंल," सागर हळूच म्हणाला. "शेतीच्या हापिसातल्या ना."

"आणि तुम्ही?" मी त्याच्याकडे वळले. "तू वैशाखऱ्याचा!"

"माझ्या बापाचं गॅरेज हाय, ताई."

"मी पाचवीपासून आश्रमशाळेत," प्रणाली म्हणाली. "भाताच्या टायमाला मी कधी घरी नव्हतेच."

मास्तर चाचपडत खुर्चीपर्यंत गेले. बसले. दोरी सापडली. सिंगल बेल.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"प्रणाली," ते म्हणाले, "तुमाला जाताना काय सांगितलेलं मी?"

"मॅडमवर लक्ष ठेवा."

"ठेवलं?"

"रोज मेसेज केला ना तुमाला! मॅडम आल्या, मॅडम जेवल्या, मॅडम एकदा साडेआठला आल्या. भाताचं तेवढं सांगू नको बोलल्या, म्हणून नाय सांगितलं."

म्हणजे ती मुलगी सतत फोनमध्ये डोकं घालून काय करते, हा प्रश्न मी वहीत तीनदा लिहिला होता, त्याचं उत्तर मी होते.

"मग तुमचं चुकलं," मास्तर त्या दोघांना म्हणाले. "मी बोललो होतो, वय वाईट. या वयाच्या माणसाला काय पण विचारा, 'मला ठाव नाय' असं तोंडातून निघायचं नाय. तुमी विचारलं, बाईनं सांगितलं. ती तरी काय करणार?"

मुलगा चिडला. "अण्णा, मस्करी पुरे. पोरं खरंच चांगली निघाली असती, भात वाचवलं असतं, तर मी पण गप बसलो असतो. पण आता कशाच्या जोरावर ठेवायची?"

मास्तरांनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं. लाल डोळा पुसला आणि मुलाकडे बघायचा प्रयत्न केला.

"घाटात गाडी बंद पडली तर आमी काय करायचो? पाशिंजरांना बोलायचो, जा आपापल्या घरी? मागच्या गाडीत बसवून द्यायचो. का? तिकीट घेतलेलं असायचं त्यांनी. मी कुणाला बसायला देताना विचारलं नाय, बाबा तू चांगला हायस काय. चांगला असशील तर बस, नायतर उतर, असा नियम कंच्या गाडीत असतो रे?" मग जरा थांबून म्हणाले, "भात गेलं. कोंबड्यांना घाला. ह्या पोरीचं तिकीट बारावीपर्यंतचं हाय. त्या पोराचं आयटीआयपर्यंतचं. तिथं उतरतील ती."

आणि दोरी दोनदा ओढली.

आम्ही जेवायला बसलो. मुलगाही बसला. माझा फोन मास्तरांच्या खुर्चीखाली होता. पलीकडे बसून प्रणाली एका हाताने भात कालवत होती आणि दुसऱ्या हाताने फोनवर काहीतरी लिहीत होती. मी ते वाचायचा प्रयत्न केला नाही. फार नाही.

त्यानंतर मी सुधारले असं लिहायला हरकत नव्हती, पण प्रणाली हे वाचण्याची शक्यता आहे. सागरच्या गाडीचा आवाज आला की माझा हात वहीकडे जायचाच. फक्त आता मास्तर खालून ओरडायचे, "मॅडम, लिवलं काय?"

मास्तर आता नाहीत. प्रणालीची बारावी झाली त्या पावसाळ्यात गेले. मुलाने घर एका फॅमिलीला दिलं आहे आणि ती फॅमिली फार भांडते, असं सागरने कळवलं. घंटा त्याने मागून घेतली. ती आता वैशाखऱ्याला बापाच्या गॅरेजमध्ये आहे.

माझी बदली शहापूरला झाली. मुलीला कल्याणला प्रवेश मिळाला, म्हणून आम्ही सगळेच शहापुरात राहायचं ठरवलं. पहिलंच घर पसंत पडलं. मालकांनी माझी फाईल अतिशय आदराने चाळली, दाखला दोनदा वाचला. मग दारात उभ्या असलेल्या माझ्या मुलीच्या जांभळ्या केसांकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल प्रश्नच नाय. पण तरुण मुलगी म्हणजे मित्रमंडळी, उशिरा येणं... वय असतं ना हे."

मी फाईल परत घेतली. मग पर्समधून फोन काढला.

"वय असतं खरं," मी म्हटलं. "आधी माझी चौकशी करून घ्या."

प्रणाली आता नर्सिंगला आहे. तिने घाईतच फोन उचलला. "हां ताई, लवकर बोला, वॉर्डात जायचंय."

मी आवाज मोठा केला. "शहापुरात घर बघते आहे. मालक समोर आहेत. मी भाडेकरू म्हणून कशी आहे, सांग त्यांना."

मालकांचं तोंड उघडंच राहिलं. माझी लेक दाराच्या चौकटीला टेकून हसू दाबत होती.

"द्या घर," प्रणाली म्हणाली. "टायमावर येतात, टायमावर जेवतात. आठच्या पुढं गेल्या तर मला मेसेज करा. आणि काका, तुमचं भात असंल ना, तर ह्यांना काय विचारू नका."